चौदा नंबरची फीत

गंमत म्हणून वाचणार असाल तर राहू द्या. ही घडलेली गोष्ट आहे, आणि जिच्या बाबतीत घडली ती माझी सख्खी नणंद आहे. आमच्या वन्सं.

वन्सं महिला कल्याण खात्यात आहेत. फसवून, विकून आणलेल्या बायका-मुलींना सोडवायचं, ही त्यांची नोकरी. आवाज असा खणखणीत की कुजबुजल्या तरी शेजारी ऐकू जावं. भीती म्हणाल तर पालीची नाही की झुरळाची नाही. मी त्यांची थट्टा करायचे, तुम्हाला बघून भूतच दार लावून घेईल म्हणून.

आता नाही करत.

मंगळवार होता. दुपारचे तीन. भर उन्हाची वेळ.

एका दुमजली इमारतीचं तळघर. वर बंद गोदाम, खाली शिवणयंत्रांच्या रांगा. मुलींना तिथं कोंडून दिवसरात्र राबवतात, अशी पक्की खबर होती. धाड तीन खात्यांनी मिळून घातली. पोलिसांकडून इन्स्पेक्टर बाई, कल्याण खात्याकडून वन्सं, आणि कामगार खात्याचे एक साहेब. या साहेबांना सगळे शिक्केवाले म्हणत, कारण लाख आणि शिक्का पिशवीत घेतल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत.

अशा धाडीत एक नियम असतो. तिन्ही खात्यांनी माणसं आपापल्या पद्धतीनं मोजायची. एकमेकांच्या कागदात डोकावायचं नाही. शेवटी दारात आकडे ताडून बघायचे.

इन्स्पेक्टर बाई बाहेर पडणारी डोकी मोजत. शिक्केवाले चालू यंत्रं मोजत. आणि वन्सं फिती बांधत. कापडी, नंबर घातलेल्या, प्रत्येकीच्या मनगटावर. पहिल्या दिवशी नाव विचारायचं नाही, असं वन्संचं म्हणणं. घाबरलेली पोर शिकवलेलंच नाव सांगते.

गाठही त्यांची ठरलेली. दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं. सुटणार नाही आणि रुतणारही नाही.

बारा झाल्या. तेरा झाल्या.

चौदावा हात पुढं आला...

गार होता.

नुसता गार नाही. बर्फाच्या पाण्यातून काढल्यासारखा. वन्सं खाली बघून गाठ मारत होत्या. "अगं, किती गारठलीस! चल बाहेर, ऊन आहे," एवढंच म्हणाल्या. मान वर केली नाही. पुढं रांग होती ना.

दारात आकडे ताडले. पोलीस, बावीस. कामगार खातं, बावीस. वन्सं, तेवीस.

"मॅडम, एक जादा कुठून आणलीत?" इन्स्पेक्टर बाई हसल्या.

"मी स्वतः बांधल्यात. पंचवीसच्या गठ्ठ्यात दोनच उरल्यात, बघा."

"एखादी पडली असेल हो खाली," शिक्केवाले घड्याळ बघत म्हणाले. "कागदावर दोन आकडे दिसले ना, तर मालकाचा वकील आपल्याला कोर्टात सोलून काढील. करून टाका सारखं."

वन्संनी पुन्हा डोकी मोजली. बावीसच होती. चौदा नंबर कुणाच्याच हातावर दिसेना. बस तापत होती, पोरी तहानलेल्या होत्या. त्यांनी तेवीसवर रेघ मारली, बावीस लिहिलं आणि सही ठोकली.

शिक्केवाल्यांनी लोखंडी दाराला लाखेचा शिक्का लावला. आता कोर्टाच्या हुकमाशिवाय ते दार पंधरा दिवस उघडणार नव्हतं.

बस निघाली. वन्सं पुढं उभ्या राहून हजेरी घ्यायला लागल्या.

"बारा."

"आहे."

"तेरा."

"आहे."

"चौदा." सवयीनं तोंडातून गेलं त्यांच्या.

बसमध्ये चिडीचूप...

"आहे."

मागच्या सीटवरून. बारीक आवाज, दमलेला.

मागच्या सीटवर कुणी नव्हतं.

"मॅडम..." ड्रायव्हरनं आरशात बघत करकचून ब्रेक दाबला. "मागं कोण बोललं?"

तेवढ्यात तेरा नंबरची उंच मुलगी किंचाळली आणि दोन्ही कानांवर हात ठेवून रडायला लागली. वन्संनी तिला जवळ घेतलं. "बोल बाळा. काय आहे?"

"एक आत राहिलीय. बारकी. कापडाच्या कपाटामागं भिंतीत जागा आहे, तिथं. मालक म्हणाला होता, पोलिसांपुढं कुणी तोंड उघडलं तर हिला परत हवा मिळायची नाही."

एक जिवंत पोर भिंतीत, आणि दाराला शिक्का. कागदावर आपलीच सही, की आत कुणी नाही.

वन्संनी लगेच दोघांना फोन लावला.

इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या, "वळवा बस, मी पोचतेच." शिक्केवाले मात्र कचरले. शिक्का विनाहुकूम फोडला तर नोकरीवर येतं. वन्सं ओरडल्या, "साहेब, पोर मरेल!"

"शिक्का माझा आहे, मीच फोडतो," ते म्हणाले. "उत्तर काय द्यायचं ते मी बघून घेईन."

दार उघडलं. चार शिपायांनी कपाट सरकवलं. मागं माणूस धड बसूही शकणार नाही, असा कोनाडा. आत आठ-नऊ वर्षांची पोर. ओठ निळे पडलेले.

श्वास चालू होता!

वन्संनी तिला उचलून बाहेर आणलं. पाणी पाजलं. पदरानं तोंड पुसलं. आणि तिचा हात हातात घेतला तेव्हा...

मनगटावर फीत होती.

चौदा नंबरची.

दोन वेढे. टोक आत खोचलेलं.

कपाट हलवायला चार माणसं लागली होती. वन्सं त्या कोनाड्याकडं फिरकल्यासुद्धा नव्हत्या.

"ही कुणी बांधली गं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"ताईनं. मघाशी आली होती. म्हणाली, तुझा नंबर लावून आलेय, आता बाई येतील न्यायला."

"कुठंय तुझी ताई?" इन्स्पेक्टर बाईंनी मागं वळून बघितलं.

पोर त्यांच्याकडं बघतच राहिली, काय वेड्यासारखं विचारताय अशी.

"ती मेली ना. तापानं. केव्हाच. मालकानं पोत्यात घालून नेली."

शिक्केवाले तिथंच पायरीवर बसले.

वन्संनी कागदावर परत तेवीस लिहिलं. यावेळी बाकीच्या दोघांनीही बावीस खोडून तेवीस केलं.

त्या ताईचा शोध घेतला बरं का. तळघर खणलं, मागचा नाला उपसला. काही मिळालं नाही. मालक म्हणतो, अशी मुलगी नव्हतीच. फोटो नाही, कागद नाही. नाव ती बारकी पोर सांगते तेवढंच, आणि तेही खरं की शिकवलेलं, देव जाणे.

बारकी मात्र वन्संच्या पाठीच लागली. "ताईला पण नंबर द्या ना."

वन्सं मनानं मऊ. चोवीस नंबरची फीत घेऊन गेल्या आणि त्या लोखंडी दाराच्या गजाला बांधून आल्या. तीच गाठ. दाराला तोवर नवा शिक्का लागला होता.

दुसऱ्या दिवशी शिक्केवाल्यांचा फोन आला. शिक्का शाबूत आहे. फीत नाही.

त्या संध्याकाळी आश्रयगृहात हजेरी होती. सहाच वाजले होते, बाहेर लख्ख उजेड. तेवीसपर्यंत सगळ्या "आहे" म्हणाल्या. आणि वन्संना काय वाटलं कोण जाणे, हळूच म्हणाल्या,

"चोवीस?"

कुणी बोललं नाही.

वन्संनी सुस्कारा टाकून वही मिटली. तेव्हा बारकी बंद दाराकडं बघत म्हणाली...

"बाहेर उभी आहे. आत घ्या ना तिला."

बारकी रडली, हातापाया पडली. वन्संनी दार उघडलं नाही. उलट आतून दुसरी कडी घातली.

"वहिनी, मला धीरच झाला नाही," त्या मला सांगत होत्या. हे सांगताना माझी दणदणीत नणंद लहान पोरीसारखी हुंदके देत होती. "एकदा खोडलं तिला. मग बोलावलं आणि दाराशी आली तर कडी लावून घेतली. बहिणीसाठी एवढं केलं गं त्या पोरीनं, आणि तिच्यासाठी कुणी काही केलं नाही."

गेले चार दिवस वन्सं आमच्याकडं राहायला आल्यात.

आत्ता सहा वाजलेत. बेल वाजलेली नाही. पण वन्सं मघापासून आमच्या दाराकडं टक लावून बसल्यात. मी उठून भिंगातून बघून आले. जिन्यात कुणी नाही. परत येताना कडी नीट लागलीय का, म्हणून हात लावला...

बर्फासारखी गार होती.

"वहिनी," वन्सं विचारतायत, "उघडू का?"

काय सांगू मी त्यांना?