बाबांच्या उजवीकडची लहर

अवंतीच्या लग्नाआधीच्या ग्रहमखाचं शूटिंग मीच करणार होतो. दुसऱ्यांच्या लग्नांवर माझं पोट भरतं, बहिणीला काय नाही म्हणणार. मांजलपूरच्या आमच्या सोसायटीचा हॉल, सकाळची वेळ, छताला एलईडीचे दिवे.

आई गेल्यावरचं हे पहिलं कार्य. बाबा बसायलाच तयार नव्हते. कोयलीच्या रिफायनरीत सगळी नोकरी आगीशेजारी काढलेला हा माणूस एका पाटाला घाबरला होता. मीच हट्ट धरला. शेवटी गुरुजींनी रीतीप्रमाणे आईच्या जागी त्यांच्या कमरेला सुपारी खोवली आणि ते एकटे बसले. एरवी पूजेला त्यांच्या उपरण्याला आईचा पदर बांधलेला असायचा. गाठ आईच मारायची, तीही दुहेरी. एकेरी सुटते म्हणे. बाबा त्यावरून तिला चिडवायचे.

स्क्रीनवर आडवे पट्टे सरकायला लागले. हे रोजचंच दुखणं, शटरचा वेग दिव्यांच्या विजेशी जुळत नाही. तो सेकंदाच्या एक पन्नासांशावर आणला, पट्टे गेले. मग बाबांच्या सोवळ्याच्या बारीक विणीवर रंगीत लहरी उठल्या. कॅमेरा थोडा मागे घेतला, त्याही गेल्या.

एक उरली. बाबांच्या उजवीकडे, बसलेल्या माणसाएवढी. पंखा बंद केला, लेन्स बदलली, कार्ड बदललं. ती तिथेच. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर रिकामी सतरंजी.

सुपारी सैल झाली म्हणून गुरुजींनी ती काढली. चित्र स्वच्छ.

पुन्हा खोवली. लहर आली.



अवंती शेजारी येऊन स्क्रीन बघत होती. आई कॅमेरा दिसला की पळायची. अवंतीकडे तिचा एकही व्हिडिओ नव्हता.

"दादा, तिथे खराब येतंय ने?" तिने इथल्या गुजराती ढंगात विचारलं.

"असू दे," मी म्हणालो. "ते काढून नाही टाकायचं."

तिने स्क्रीनवरची नजर हलवली नाही.

पूजा संपल्यावर बाबा पोटभर जेवले, कितीतरी महिन्यांनी. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बसवलंस ते बरं केलंस रे. एकटं नाही वाटलं."

मला भरून आलं. आभार कुणाचे मानायचे ते कळेना, तरी मनोमन मानले.

मग घडी घालायला त्यांचं उपरणं उचललं. टोकाला गाठ होती. दुहेरी, घट्ट, आणि मधोमध पदर मावेल एवढी पोकळ.