गोस्टा, गप बस!

"गोस्टा, गप बस!"

धापा टाकत टिराच्या स्की शर्यतीच्या वाटेवरच्या सूपच्या टेबलाशी थांबल्या आणि नेमकं तेव्हाच हे तोंडातून निसटलं.

टेबलामागच्या मुलाची पळी हवेतच राहिली. "कोण गोस्टा?"

अय्या, ऐकलं याने! पलीकडच्या शाळेतला यालमार हा. मनगटाला प्लास्टर, म्हणून यंदा शर्यत सोडून सूप वाढायला बसवलेला. भुवयांवर बर्फ, नाकाचा शेंडा लाल, आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांसाठी वेळ कुठे होता!

"असतो माझ्याबरोबर," ती म्हणाली. "चोवीस तास."

"अच्छा..." त्याचा चेहराच उतरला. "म्हणजे आहे कुणीतरी."

टिराला हसू फुटणार, तेवढ्यात पोटरीत गोळा आला. मीठ-साखरेचं तिचं पाणी बाटलीत गोठून दगड झालं होतं. म्हणून मागच्या टेबलावर तिने साधंच पाणी गटागटा प्यायलं, आणि आता ते सगळं जॅकेटच्या आत, पिशवीत उतरत होतं. नर्सबाईंनी शंभरदा बजावलं होतं, 'नुसतं पाणी ढोसशील तर अंगातलं मीठही घेऊन जाईल ते!'

"पाणी देऊ?"

"नको, पाणी नको!"

मागून बर्फावरची गाडी घुरघुरत येत होती, थकलेल्यांना गोळा करत. त्यात बसलं की संपलं. 'टाळ्या वाजवायला जा हवं तर,' आई म्हणाली होती. आणि टिरा म्हणाली होती, 'टाळ्या तू वाजव!'

शेजारच्या संडासात पिशवी रिकामी करून ती परतली. टेबलाच्या कडेला टेकली.

"गोस्टाला फोन करू का?" यालमारने हळूच विचारलं.

"अरे वेड्या, गोस्टा माझं आतडं आहे!"

"...काय?"

"मोठं आतडं काढलं माझं. पाणी-मीठ धरून ठेवणारं तेच होतं. आता लहान आतड्याचं टोक पोटावर बाहेर आहे. लाल, गोलमटोल, आगाऊ. त्यावर पिशवी. तोच गोस्टा." ती थांबली. आता हा नाक मुरडणार...

यालमारने खोल श्वास सोडला. "हुश्श! मला वाटलं, चांगला सहा फुटी असेल."

टिरा खो खो हसली. मग तिची नजर खारवलेल्या काकड्यांच्या बरणीवर गेली. मीठ!

"ते बरणीतलं पाणी ओत सूपमध्ये."

"ब्लूबेरीच्या सूपमध्ये? ई!"

"ओत म्हणते ना! गोड आणि खारट एकत्र लागतं मला. काकडी नको हं, सालं अडकतात."

त्याने ओतलं. आणि स्वतःच्या पेल्यातही ओतलं. दोघांनी एकदमच घोट घेतला, एकदमच तोंडं वाकडी केली.

"शी... गोस्टाची आवड भयंकर आहे," तो म्हणाला.

"माझी बरी आहे," टिरा म्हणाली, आणि कान तापायच्या आत काठ्या उचलायला वळली. पण लगेच नाही निघाली. एकेक घोट घेत राहिली, पोटरीतला गोळा सैल होईपर्यंत. गाडीवाल्या काकांनी "बसतेस का गं?" विचारलं, तेव्हा जोरात नकारार्थी मान हलवली. आणि सुटली!

शेवटून दुसरी आली ती. पण आली... स्वतःच्या पायांवर! आई रडत रडत टाळ्या वाजवत होती. आणि तिच्या शेजारी दोन पेले सांभाळत, प्लास्टरवर निळे डाग पाडून घेतलेला यालमार.

"एक तुझा," तो म्हणाला. "एक... उद्या माझ्याबरोबर येशील तर माझा. गोस्टालाही आण."

जॅकेटच्या आतून भर गर्दीत गोस्टा मोठ्याने गुरगुरला.

"काय म्हणाला तो?"

"हो म्हणाला," टिरा म्हणाली.

पहिल्यांदाच तिने त्याला गप केलं नाही.