उसनं बोट

"अंगठी काढ," साहेब म्हणाले.

एकेचाळीस वर्षांपूर्वी ज्या माणसाने चारचौघांसमोर ती अंगठी काकूंच्या बोटात घातली होती, तोच माणूस आज सकाळी आठ वाजता, दाराला आतून कडी लावून, त्यांना ती काढायला सांगत होता… आणि काकूंचे डोळे भरून आले! आता वाचकांनी लगेच भलतंसलतं मनात आणू नये. डोळे भरून आले ते अंगठी निघत नव्हती म्हणून. साबण लावून झाला, तेल लावून झालं, शेवटी साहेबांनी दात लावायची तयारी दाखवली तेव्हा कुठे ती सुटली. मग काकूंनी नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट अंगावर चढवला, मनगटावर त्याचं घड्याळ बांधलं, तर्जनीला ऑक्सिमीटरचा चिमटा लावला आणि हात टेबलावर असा ठेवला की बघणाऱ्याला तो पुरुषाचा वाटावा. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा उमटला, सत्त्याण्णव. साहेबांनी फोटो काढला आणि लेकीला पाठवून दिला.

साहेब म्हणजे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. तेहतीस वर्षं त्यांनी बाजारातले तराजू तपासले. वीस ग्रॅमच्या फरकासाठी काकूंच्या सख्ख्या भावाच्या दुकानाला त्यांनी सील ठोकलं होतं आणि त्यापायी काकूंचं माहेर सहा वर्षं तुटलं होतं. घरातही तोच खाक्या. काकूंच्या चहाच्या चमच्याला लग्नानंतर आठव्याच दिवशी त्यांनी 'अप्रमाणित' ठरवलं होतं. अशा या सत्यवचनी माणसाची फुप्फुसं गोदामांतल्या धुळीने आणि तेवढ्याच वर्षांच्या सिगरेटींनी मिळून कामातून घालवली. हा आजार बरा होणारा नव्हता, सांभाळायचा होता. महिन्यातून एकदा हॉस्पिटलातल्या सिस्टर घरी यायच्या, औषधाचा पंप कसा ओढायचा, श्वास कसा सोडायचा, रोज किती चालायचं हे जीव तोडून समजावायच्या. साहेब गंभीरपणे मान डोलवायचे आणि सिस्टर जिना उतरून खाली पोचायच्या आत सगळं विसरून जायचे.

त्यांची एकुलती एक लेक समुद्राची खोली मोजण्याच्या खात्यात होती. मोठ्या जहाजावर जाण्याची संधी तिला दोनदा आली आणि दोन्ही वेळा बाबांच्या श्वासापायी तिने ती हसत हसत सोडली. ते हसणं साहेबांच्या काळजात रुतून बसलं होतं. तिसऱ्यांदा बोलावणं आलं तेव्हा त्यांनी अन्नपाणी सोडण्याची धमकी दिली. लेक गेली, पण अट घालून गेली. रोज सकाळी आठला चिमट्याचा फोटो हवा आणि आकडा नव्वदच्या खाली गेला की ती पुढच्या बंदरात उतरून सरळ घरी येणार. सिस्टरांचं म्हणणं असं होतं की साहेबांचा आकडा अठ्ठ्याऐंशीच्या खाली गेला तर धावपळ करा. नव्वदची रेघ लेकीने स्वतःच्या काळजीने मारली होती, आणि साहेबांचा नेहमीचा आकडा होता एकोणनव्वद. तो तिला कुणी सांगितला नव्हता.

फरक फक्त एकाचा. पण वीस ग्रॅमसाठी मेव्हण्याला न सोडणाऱ्या माणसाला तो एक केवढा जड! अट ऐकल्यापासून लेक निघेपर्यंत दोन दिवस साहेब चिमटा लावून आकडा वर सरकायची वाट बघत होते. तिसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि फरशीकडे बघत म्हणाले, "तुझं एक बोट लागेल."

काकूंच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. एकेचाळीस वर्षांत त्यांनी या घराला काय दिलं नव्हतं? तारुण्य दिलं, झोप दिली, गाण्याचा क्लास सोडला, माहेर सोडलं… आणि त्यातलं काहीही कुणी मागितलं नव्हतं. ते द्यायचंच असतं, असं सगळ्यांनी धरून चाललेलं. आज पहिल्यांदाच या माणसाला आपल्याकडची एक गोष्ट हवी आहे, आणि ती त्याला दुसरीकडे कुठेही मिळणार नाही, हे काकूंच्या ध्यानात आलं. त्यांनी भांडं खाली ठेवलं, हात पुसले.

"मिळेल," त्या म्हणाल्या. "पण फुकट नाही."

मग त्यांनी अटी सांगितल्या. दुर्बिणीच्या डब्यात लपवलेलं सिगरेटचं पाकीट आत्ताच्या आत्ता बाहेर. पंप दोन्ही वेळेला, नळी लावून, आणि नंतर चूळ भरायची. नाकाने श्वास आत, ओठांचा चंबू करून हळूहळू बाहेर, असं दिवसातून तीनदा, दहा-दहा मिनिटं. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या, आज चार, पुढच्या आठवड्यात सहा. यातलं एकही चुकलं तर दुसऱ्या दिवशी बोट नाही. साहेबांनी आयुष्यभर व्यापाऱ्यांना अटी घातल्या होत्या. स्वतःवर घालून घेण्याची ही त्यांची पहिलीच वेळ, त्यामुळे ते घासाघीस करायला गेले आणि तोंडघशी पडले. दुर्बिणीचा डबा काकूंना माहीत होता, याचाच धक्का त्यांना दोन दिवस पुरला.

तर असा हा व्यवहार सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात नवीन संकट उभं राहिलं. काकूंचा आकडा फारच चांगला होता. लेकीने आनंदाने कळवलं की बाबांचे सत्त्याण्णव पाहून जहाजावरचे डॉक्टरसुद्धा चकित झाले आहेत आणि बाबा कोणतं औषध घेतात ते विचारताहेत. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. आकडा थोडा खाली आणायला हवा होता. त्यांनी काकूंना दोन मजले चढून-उतरून यायला सांगितलं. काकू चढल्या, उतरल्या, घामाघूम झाल्या, चिमटा लावला, सत्त्याण्णव. पुन्हा एकदा चढल्या. वाटेत शेजारणीने विचारलं की काही हरवलंय का, तर काकू म्हणाल्या, हो, अक्कल. शेवटी साहेबांनी त्यांना श्वास रोखून धरायला लावला. काकू लालबुंद झाल्या, डोळे बाहेर यायची वेळ आली, आणि मोठ्या मिनतवारीने आकडा शहाण्णववर आला. साहेबांनी घाईघाईने फोटो काढला आणि बायकोला पाणी दिलं. ते त्यांनी हाताने भरून दिलेलं पहिलं पाणी असावं.

अशी पाच महिने काकूंनी बोटाची नोकरी केली. इकडे साहेब नाइलाजाने का होईना, सुधारत चालले. फेऱ्या चारावरून सोळावर गेल्या. चंबू करून श्वास सोडायची त्यांना इतकी सवय लागली की पेपर वाचताना, रागावताना, दार उघडताना चंबू तयार. सिस्टर एकदा आल्या तेव्हा साहेबांनी न विचारता पंप घेऊन दाखवला. सिस्टरांनी खुर्ची ओढून घेतली आणि काकूंना हळूच विचारलं की हे तुम्ही जमवलंत कसं. काकू नुसत्या हसल्या. त्या हसण्यात थोडा खोकला मिसळलेला होता, पण सिस्टर साहेबांच्या फेऱ्यांची वही तपासण्यात गुंतल्या होत्या, आणि काकूंना खोकला आहे का हे विचारायची या घरात पद्धतच नव्हती.

तो खोकला आठवडाभर टिकला. अंगात कणकण होती, पाठीत चमक भरत होती. तरी काकूंनी कपडे धुतले, फेऱ्या मोजल्या, पंपाची नळी उकळत्या पाण्याने धुवायची नसते म्हणून कोमट पाण्याने धुतली. लेकीचा मेसेज आला होता. समुद्राच्या शेवटच्या पट्ट्याच्या मोजणीचं सगळं काम तिच्याकडे सोपवलं होतं, आणि तेवढं पार पडलं की तिची जागा पक्की. फक्त नऊ दिवस उरले होते.

त्या सकाळी काकूंनी शर्ट चढवला, घड्याळ बांधलं, चिमटा लावला. आकडा उमटला, शहाऐंशी.

साहेब हसले. यंत्र बिघडलंय, म्हणाले. त्यांनी सेल बदलले. पुन्हा शहाऐंशी. काकूंचा हात गार असेल म्हणून दोन्ही तळहातांत धरून चोळला. हात गार नव्हताच, भाजत होता. दुसरं बोट लावून पाहिलं, दुसरा हात लावून पाहिला, पंच्याऐंशी. मग खात्याच्या रीतीप्रमाणे त्यांनी यंत्र दुसऱ्या मापावर पडताळायचं ठरवलं आणि चिमटा स्वतःच्या बोटाला लावला. एक्याण्णव.

कितीतरी महिन्यांनी त्यांचा स्वतःचा, खरा, कष्टाने मिळवलेला आकडा नव्वदच्या वर होता! पण साहेबांनी त्याकडे धड बघितलंही नाही, चिमटा काढून बाजूला ठेवला. यंत्र बरोबर होतं. म्हणजे…

"बरं झालं," काकू धापा टाकत म्हणाल्या. "आज तुमचाच पाठवा. खरा आहे. मला काही झालेलं नाही, पडून राहिले की जाईल. नऊ दिवस तिला काही कळवू नका."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. आपल्या शर्टात ती केवढीशी दिसत होती, आणि ओठांचा रंग… हा रंग त्यांनी आरशात स्वतःच्या ओठांवर पाहिला होता, त्यांना तो ओळखता येत होता. पाच महिने रोज सकाळी हे बोट त्यांनी पाहिलं, आणि बोटाच्या मागे माणूस आहे हे मात्र आज दिसलं.

"आजवर पुष्कळ लबाडांचे कान धरले मी," ते म्हणाले. "माझ्याएवढा लबाड मला भेटला नाही. आता पुरे."

त्यांनी आधी अॅम्ब्युलन्स बोलावली. मग लेकीला शहाऐंशीचा फोटो पाठवला आणि खाली पंचनामा लिहावा तसं लिहिलं, की हे बोट तुझ्या आईचं आहे, गेले पाच महिने तिचंच होतं, दोषी मी आहे, आणि तिला आत्ता हॉस्पिटलात नेतो आहे. लिफ्ट त्या इमारतीत नव्हती. स्ट्रेचरमागून साहेब स्वतः बॅग घेऊन दोन मजले उतरले, प्रत्येक पायरीला चंबू करत. अॅम्ब्युलन्सवाल्याने विचारलं की पेशंट नक्की कोण आहे, तेव्हा दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

न्यूमोनिया निघाला. अजून दोन दिवस काढले असते तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. काकूंच्या नाकात ऑक्सिजनची नळी, हाताला सलाईन, आणि कॉटशेजारच्या स्टुलावर साहेब. वॉर्डातल्या नर्सला ते दर तासाला आकडा विचारत. तिने एकदा वैतागून सांगितला आणि पुढच्या वेळी चिमटाच त्यांच्या हातात दिला.

चौथ्या दिवशी लेक आली. बंदरातून तशीच आलेली, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. स्टुलावरच्या बाबांना तिने वळसा घातला. आईच्या कॉटवर बसली, फोन काढला आणि फोटो मागे सरकवायला लागली. सत्त्याण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव… एकशे सत्तेचाळीस फोटो. मग तिने आईचा हात हातात घेतला. नखाजवळ विळीने कापल्याची खूण, पेराशी भाजल्याचा डाग. याच बोटाला धरून ती चालायला शिकली होती.

"आई, रोज बघत होते गं मी," ती हुंदका आवरत म्हणाली. "रोज मोठा करून बघायचे. आकडा बघायचे. हे तुझं बोट आहे हे मला एकदाही कळलं नाही."

"अगं, घड्याळ बाबांचं होतं ना," काकूंनी समजूत घातली.

त्यावर लेक जी रडायला लागली ती थांबेचना. साहेब उठून खिडकीशी गेले आणि तिकडे तोंड करून चंबूने श्वास सोडू लागले, पण खांदे हलत होते ते काही श्वासामुळे नव्हे. थोड्या वेळाने लेकीने डोळे पुसले आणि जाहीर केलं की आता ती परत जाणार नाही. तुम्हां दोघांवर विश्वास टाकणं म्हणजे मूर्खपणा आहे, ती इथेच राहील, दुसरी नोकरी बघेल.

काकूंनी नाकातली नळी नीट केली. जन्मभर हळू बोललेल्या त्या बाईचा आवाज वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेला.

"जायचंस तू. पाच महिने जिने चढले ते तुला इथे बसवून ठेवायला नाही. तुझी जागा अजून आहे ना जहाजावर? मग जा. आमचं आम्ही बघू. यांचं मी बघेन, माझं हे बघतील. शिकलेत ते."

खिडकीशी उभ्या असलेल्या साहेबांनी जोरजोरात मान हलवली.

लेकीने आईची चादर सारखी केली. मग म्हणाली की जाईन, पण या वेळी अट तू घाल. तुला काय हवंय ते सांग. काकू गोंधळल्या. त्यांना काय हवंय, हा प्रश्न त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. खूप विचार करून त्या म्हणाल्या, "बंदरात आलीस की फोन कर. आणि आल्या आल्या आकडा विचारू नकोस."

तीन आठवड्यांनी रविवारी फोन आला. जहाजाने तिची जागा राखून ठेवली होती, शेवटचा पट्टा तिनेच मोजला होता. साहेब दोघांचे आकडे कागदावर लिहून, चष्मा लावून, तयारीत बसले होते.

"आई, काय करत होतीस?" लेकीने विचारलं.

"काही नाही गं. बसले होते."

"बसून काय करत होतीस?"

काकू थांबल्या. मग हळूहळू, अडखळत बोलायला लागल्या. तुझ्या जहाजाचा विचार करत होते, म्हणाल्या. मला समुद्राची फार भीती वाटते. लहानपणी एकदा बुडता बुडता वाचले होते, तेव्हापासून. तुझं जहाज हलतंय असं रोज डोळ्यांपुढे येतं.



"मग तीन वेळा मला जा जा म्हणत होतीस ती?"

"हो. भीती माझी होती, जायचं तुला होतं."

साहेबांच्या हातातला कागद तसाच राहिला. एकेचाळीस वर्षं एका घरात काढली आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते उठले, खुर्ची सरकवून बायकोच्या अगदी जवळ बसले, आणि पुढचा तासभर मध्ये एक शब्दही न बोलता ऐकत राहिले.