रिकाम्या जागेचा नळ

आमच्या मोहल्ल्यात सध्या नुसती मजा चालू आहे. जेसीबी, मुरमाचे ढीग, निळे पाईप आणि दिवसभर सगळ्यांवर ओरडणारे सुपरवायझर राजेंद्रभाऊ. लालबर्र्याच्या सडकेपासून आमच्यापर्यंत सिमेंट रोड होतोय. त्याआधी खालून नळाची लाइन टाकायची, कारण एकदा सिमेंट पडलं की कोणी खोदू देणार नाही.

आमचं घर रोडच्या पलीकडे, एकटंच. लाइन आमच्याकडे वळणारच नव्हती. आईची कंबर धरलेली, त्यामुळे हँडपंपावरून पाणी मीच आणते. नळ आला नाही तर सकाळची बस आणि माझं अकरावीचं सायन्स, दोन्ही विसरा! म्हणून मी सरळ राजेंद्रभाऊंसमोर जाऊन उभी राहिले.

"भाऊ, एक पाईप आमच्याकडं टाका ना."

"तुले कोनं इंजिनियर बनवलं वं?"

"अजून नाही बनली. पाणी आलं तं बनीन."

ते हसले. "बडी तेज हाये वं तू, खुशी! पण टेस्टिंग पास झाली तरच. नाही तं पाईप काढून टाकीन. सिमेंट कोणासाठी थांबत नाही."

मजुरांनी चुन्याची रेघ मारली, थेट आमच्या अंगणापर्यंत. मी तिच्या बाजूनं नाचतच घरी गेले.

सकाळी पाहते तर रेघेला फाटा फुटलेला. रोड आणि आमच्या घरामध्ये एक रिकामी जागा आहे. पाईप ठेवायला जेसीबीनं ती नुकतीच सपाट केली होती. फाटा तिच्याकडे वळून मधोमध थांबला होता.

"कोन्या पोट्ट्यानं केलं रे हे?" राजेंद्रभाऊ भडकले. मला वाटलं, बकऱ्या असतील. पण बकरी काटकोन मारत नाही. आणि आजूबाजूच्या मऊ मातीत एकही पाऊल नव्हतं.

फाटा पुसला. दुसऱ्या दिवशी तो परत होता, आधीपेक्षा ठळक.

कोणी लक्ष दिलं नाही. पाईप आमच्यापर्यंत टाकला, तोंड बंद करून पाणी भरलं. प्रेशरचा काटा चढला, थांबला आणि हळूच खाली यायला लागला. सगळे सांधे कोरडे. कुठेच ओल नाही. परत भरलं. परत तेच.

मी जमिनीला कान लावला.

रिकाम्या जागेतून आवाज येत होता. घागर भरत आली की आवाज कसा बारीक होत जातो, तसा. तो थांबला, काटाही थांबला.

मग दुसरी घागर सुरू झाली.

राजेंद्रभाऊंनीही कान लावून पाहिला. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "काढा हा पाईप," ते मजुरांना म्हणाले. 

मोहल्ल्यातल्या चंपाबाई काकू तिथंच उभ्या होत्या. "काढता काहून? पंगतीत मधल्याले सोडून पुढच्याले वाढते का कोनी?"

"तिथं राहते कोण, बाई?"

"मले का मालूम? पण पाणी तं लागतेच ना."

"भाऊ, एकच तोटी," मी म्हटलं. "लावून तं पाहा."

त्यांनी कपाळ पुसलं. मान डोलावली.

फाटा टाकला. तोटी लावली, खाली सिमेंटचा छोटा ओटा केला. पाणी भरलं. काटा चढला.

आणि तिथंच राहिला.

आता सडक अशी गुळगुळीत झालीये की सायकल हात सोडून चालवावी! आई बसल्या बसल्या पाणी भरते, मला बसमध्ये रोज खिडकी मिळते. मधल्या नळाला कोणी हात लावत नाही. तरी रोज सकाळी त्याच्या ओट्यावर घागरीच्या बुडाचा ओला गोल असतो. खरं सांगू, मला आता भीतीही वाटत नाही.

आज मोठ्या गोलाजवळ एक लहान गोल होता, लोट्याएवढा. मी आईला दाखवला.

तिनं बादली सरकवली.

"तिची पोरगी बी मोठी झाली वाटते."

तिथं बाई राहते असं आमच्यापैकी कोणी कधी म्हटलं नव्हतं.