फाट्यावरचा पहारेकरी

"रूपालीताई, जल्दी या. रामकिसनकाका फाट्यावर पडलेत. डोकं फुटलंय."

फोन गावच्या रक्षक दलातल्या अंगदचा होता. रूपाली गावची पोलीस पाटील. तिनं भोकरदनचं ठाणं आणि रुग्णवाहिका, दोन्हीकडे कळवलं आणि चिखल तुडवत निघाली. रात्रभर कोसळलेला पाऊस आत्ताच थांबला होता.

फाट्यावर रामप्रसादच्या रक्षक दलानं बांबू आडवा टाकला होता. चोरांच्या अफवा उठल्या तेव्हा गावाला या दलाचा आधार वाटला. मग काळे सदरे आले, लोखंडी टोकाच्या काठ्या आल्या, येणाऱ्या-जाणाऱ्याची झडती सुरू झाली. आता लोक चोरांपेक्षा दलाच्या माणसांनाच जास्त भीत होते.

रामकिसन पत्र्याच्या शेडमध्ये पालथा पडला होता. अंगात दलाचा काळा सदरा. रूपालीनं त्याला कुशीवर वळवून गुंड्या सोडल्या. श्वास चालू होता. आतल्या बनियनची मान वाळलेल्या रक्तानं कडक झाली होती. सदरा मात्र कोरडा होता, त्यावर डाग नव्हता. छातीवरची घडीसुद्धा मोडली नव्हती.

रामप्रसाद तिच्या डोक्याशी उभा होता.

"काय झालं, भाऊ?"

"चोर. दोघं होते. पहाटं मी वस्तीकडं गेल्तो, तेवढ्यात यानं त्यांना आडवलं. कपाशीतून पळाले."

"रातभर काका तुमच्या संगंच होते?"

"बिलकुल. पावसात दोघंच फिरून राह्यलो होतो. माझ्यासारखाच भिजला बिचारा."

त्याचा सदरा अंगाला चिकटला होता. रूपालीनं शेजारच्या कपाशीकडे पाहिलं. झाडं उभी होती आणि काळ्या मातीवर एक पाऊल उमटलेलं नव्हतं.

उषाबाई धावत आली आणि नवऱ्याचा हात धरून बसली. रूपाली तिच्याजवळ टेकली.

"काकू, काका कव्हा निघाले?"

"काल दिवेलागणीला, पाऊस यायच्या आधी. सदरा वापस करायचा म्हणले. मी धुऊन, गादीखाली घडी दाबून पिशवीत दिल्ता. अंगात त्यांचा पांढरा व्हता. तिथून मळ्यात झोपायला जातो म्हणले."

रामकिसन कालच तिच्याकडे आला होता. हे दल कायद्यात बसतं का, आता तर तलवारी जमवल्यात, त्यानं विचारलं होतं. नाही, तिनं सांगितलं होतं.

रुग्णवाहिका दोघांना घेऊन गेली. पोलिसांचा अजून पत्ता नव्हता.

रामप्रसाद गर्दीकडे वळला. "पल्याड पालं उतरलीत. त्यातलेच दोघं. चला." काठ्या उचलल्या गेल्या. मग तो रूपालीच्या कानाशी आला. "ताई, तुम्ही चोरच सांगा. तुमचं घर पार गावाच्या कडेला हाये."

पालांमध्ये बाया होत्या, तान्ही पोरं होती. ती बांबूसमोर जाऊन उभी राहिली.

"थांबा. चोर आलेच न्हाईत."

"बाई, बाजूला व्हा," कुणीतरी म्हणालं.

"आधी ऐका. कपाशीतून कुणी पळालं तर या चिखलात माग कुठाय? काका रातभर पावसात फिरले, तर त्यांचा सदरा कोरडा कसा? बनियनला रक्त, सदऱ्याला थेंब न्हाई. म्हंजी मार बसला तव्हा हा सदरा अंगात नव्हताच. तो पिशवीत व्हता. वापस करायला आणलेला."

उचललेल्या काठ्या खाली आल्या.

"काका पावसाच्या आधीच इथं पडले. रक्त वाळल्यावर कुणीतरी त्यांचा सदरा काढला आन हा चढवला. दल सोडणाऱ्या माणसाला दलाचा शहीद केला, म्हंजी गाव तलवारी मागंल. आन रातभर काका भिजले असं सांगणारा एकच माणूस हाये." तिनं रामप्रसादकडे पाहिलं. "गावानं पहारा द्यावा. पण दल पोलीस अधीक्षकांच्या मंजुरीनं होतं. कुणाच्या मर्जीची फौज म्हंजी दल न्हाई. हेच काकांनी तुम्हाला सांगितलं ना, भाऊ? आन तलवारींचं ठाण्यात सांगतो म्हणले?"

"खोटं हाये," रामप्रसाद म्हणाला. "अंगद, हिला बाजूला कर."

अंगद पुढं आला. रूपालीनं डोळे मिटले. पण तो तिला ओलांडून शेडमधल्या लोखंडी पेटीजवळ गेला.

"मला वस्तीच्या पल्याड तुम्हीच लावलं, भाऊ. इथं एकटे तुम्हीच व्हते. पेटी उघडा."

रामप्रसाद जागचा हलला नाही. अंगदनं काठीच्या टोकानं कुलूप उचकटलं. तलवारींवर एक पांढरा सदरा बोळा करून कोंबलेला होता. त्याची मान काळपट लाल झाली होती.

रामप्रसाद पळाला तो कपाशीत शिरला. चिखलानं त्याचे पाय धरले आणि त्याच्याच माणसांनी त्याला बाहेर ओढून आणलं. जीप आली तेव्हा तो खाली मान घालून बसला होता.

दुपारी जालन्याहून फोन आला. रामकिसननं डोळे उघडले होते आणि रामप्रसादचं नाव घेतलं होतं.

पारावर बसलेल्या म्हाताऱ्या द्वारकाबाईनं विचारलं, "ते बरं झालं. पण आता खरंच चोर आले तर, पोरी?"

सगळे रूपालीकडे पाहत होते.

"भ्या मला बी वाटतं, मावशी. साहेबांकडं दलाचा अर्ज आजच देते. मंजुरी येईपर्यंत ठाण्याची गाडी फिरंल." ती म्हातारीशेजारी पारावर टेकली. "आन दल झालं की पहिली पाळी माझी लावा."

"दुसरी माझी," अंगद म्हणाला आणि काळ्या सदऱ्याच्या गुंड्या सोडू लागला.