हाताखालची जागा

वीज गेली तेव्हा फ्रेमवाले काका सरसाचं भांडं झाकत होते. दुकानात आम्ही तिघं होतो: मी, माझी चुलतबहीण आणि तिचा धाकटा भाऊ. आजोबांच्या फोटोची चौकट चिकटवून झाली होती आणि ती वाळेपर्यंत थांबायचं होतं. काकांनी कापायच्या टेबलावर मेणबत्ती लावली. भिंतीला टेकवलेल्या रिकाम्या चौकटींच्या सावल्या छतापर्यंत गेल्या. कोपऱ्यातल्या एका मोठ्या चित्रावर मात्र फडकं टाकलेलं होतं.

"ते कुणाचं?" बहिणीने विचारलं.

"जो न्यायला आला नाही त्याचं."

"म्हणजे?"

"म्हणजे बस खाली. वीज येईपर्यंत सांगतो. खरं की खोटं ते मला विचारायचं नाही. ज्याच्यावर गुदरलं त्याने मला याच दुकानात, तू बसलीस त्याच स्टुलावर बसून सांगितलंय."

बहीण स्टुलावरून उठली आणि माझ्या बाजूला पोत्यावर येऊन बसली. काका हसले नाहीत. सांगू लागले.

पेंटर माझा दोस्त. पाट्या रंगवून त्याचं घर चालायचं, पण हात बसलेला होता माणसांच्या चित्रांवर. त्याचं एक म्हणणं असायचं. जुन्या चित्रांत श्रीमंताच्या पायाशी कुत्रा दिसतो ना, तो रुबाबासाठी. गालिचा, तलवार, कुत्रा, सगळं एका मापाचं. "पण गंमत बघ," तो म्हणायचा, "माणूस पोज देतो. कुत्रा नुसता बसतो. अख्ख्या चित्रात खरा तेवढाच असतो."

एकदा वखारवाल्या तात्यांनी त्याला चित्र काढायला बोलावलं. लाकडाची वखार आणि तिला लागूनच घर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा सातासमुद्रापार. सोबतीला भुश्या. वखारीत भुशाच्या ढिगात सापडलेलं पिल्लू, रंगही भुशाचाच. तात्या म्हणाले, "माझ्या एकट्याचं नको. आम्हा दोघांचं काढ."

तात्या खुर्चीत, भुश्या शेजारी, तात्यांचा हात त्याच्या डोक्यावर. अडचण एकच होती. भुश्या मान वर करून तो हात चाटायचा. ओला हात चमकतो आणि चमकला की त्याचा रंगच बदलतो. पेंटर ब्रश खाली ठेवायचा. तात्या टॉवेलला हात पुसायचे आणि भुश्याला म्हणायचे, "पुरे की रे. पेंटरसाहेब रागावलेत." जरा वेळाने पुन्हा तेच. शेवटी पेंटरने चित्रात तो हात कोरडाच काढला.

मग तात्या अंथरुणाला खिळले. मुलाचा फोन यायचा: रजा मिळत नाही. भुश्या पलंगाखालून हलला नाही. तात्या गेले तेही त्याच्यामुळेच कळलं. तो रडायला लागला म्हणून वखारीचा रखवालदार जिना चढला.

"मुलगा आला की नाही?" धाकट्याने विचारलं.

"आला ना. सगळं उरकल्यावर. तेव्हा मात्र रजा मिळाली."

"लांब राहिलं की सगळेच तसे होत नाहीत, काका," मी म्हणालो. मला परदेशातून परत येऊन महिनाही झाला नव्हता.

"होत नाहीत. म्हणून तर तुझ्यासमोर सांगतोय."

त्यांनी मेणबत्तीची वात सारखी केली आणि पुढे सांगू लागले.

मुलाने पेंटरला बोलावून घेतलं. रविवारी संध्याकाळी घरी शोकसभा होती. गावातले सगळे व्यापारी यायचे होते. तात्यांचं चित्र हॉलमध्ये समोरच लावलेलं.

"येणारा प्रत्येक माणूस हे बघणार," मुलगा म्हणाला. "बापाच्या हाताखाली कुत्रा. आणि मुलगा कुठे?"

"कुठे होता तुम्ही?"

"तेच लोक विचारतील. म्हणून तुम्हाला बोलावलंय. कुत्रा पुसून टाका. त्या जागी मला बसवा. हात आहे तसाच राहू दे, माझ्या डोक्यावर येईल."

पेंटरने पिशवी उचलली.

"थांबा," मुलगा म्हणाला. "कुत्रा त्या मागच्या खोलीत कोंडलाय. चित्र झालं तर सकाळी घेऊन जा त्याला. नाही झालं तर डॉक्टर येऊन सुई देईल. मला परत जायचंय. मी तो कुणाच्या गळ्यात बांधू?"

पेंटर दारातच उभा राहिला. तात्या गेल्यापासून भुश्याला आपल्याकडे न्यायचं त्याच्या मनात होतंच. रंगवलेला पुसून जिवंत वाचत असेल तर पुसावा, असं त्याने स्वतःला समजावलं. पिशवी खाली ठेवली.

डिसेंबरमधला शेवटचा शनिवार. चंद्र नव्हता. मुलगा वर झोपायला गेला. मागच्या खोलीच्या कुलपाची किल्ली रखवालदाराकडे आणि रखवालदार वखारीच्या फाटकावर. हॉलमध्ये पेंटर, चित्र आणि एक दिवा.

बारा वाजून गेले असतील. कोंडलेल्या खोलीच्या दारावर आवाज झाला. थप, थप, थप. शेपूट. पेंटरला इतकं बरं वाटलं की तो मोठ्याने बोलला, "आलोय रे मी. थोडं काम आहे. मग आपण घरी जाऊ."

थप, थप, थप.

मग नखांचा आवाज. दार खरवडल्याचा. पेंटरने कामाला हात घातला. सोपं तिथून सुरुवात करावी म्हणून आधी शेपटी झाकली. वर फरशीचा रंग चढवला.

थपथप थांबली.

दमला असेल, पेंटरला वाटलं. खरवडणं चालूच होतं. त्याने पाठ झाकली, पोट झाकलं. मग मागचे पाय. मग पुढचे. पुढचा उजवा पंजा तात्यांच्या चपलेवर ठेवलेला होता. तोही झाकला.

खरवडणं थांबलं.

पेंटरने ब्रश ठेवला. दाराशी गेला.

"भुश्या?"

काही नाही. तो खाली बसला. दाराखालच्या फटीशी बोटं नेली. आतून बोटांवर श्वास आला. गरम. ओलसर. एक... मग पुन्हा एक...

तो किती वेळ तसा बसला कुणास ठाऊक. जिन्यावर पावलं वाजली. मुलगा.

"झालं?"

"चेहरा राहिलाय."

"मग?"

"हे बघा... मी जे झाकतो ना... ते आतून..."

"काय आतून?"

पेंटरने दाराकडे बोट केलं.

"नुसत्या चेहऱ्यासाठी अडून कुत्रा मारायचाय का तुम्हाला?" मुलगा म्हणाला आणि वर निघून गेला.

पेंटरने ब्रश उचलला. कान झाकले. आत श्वास चालू होता. डोळे झाकले. श्वास चालूच. आता फक्त नाक राहिलं. काळं, ओलं. तात्यांच्या बोटांकडे वळलेलं.

"एवढंच," तो म्हणाला. "एवढंच रे. मग घरी."

झाकलं.

...

मेणबत्ती फडफडली. बहिणीने माझी बाही धरली होती.

पहाटेपर्यंत पेंटरने त्या जागी मुलगा रंगवला. उजाडल्यावर रखवालदार किल्ली घेऊन आला, खोली उघडली. आत फळ्या. कोळीष्टकं. बाकी काही नाही.

"कुत्रा कुठाय?" पेंटरने विचारलं.

रखवालदार खाली बघत राहिला. "पेंटरदादा, कुत्रा गुरुवारीच गेला. साहेबांनी सुई द्यायला लावली. वखारीमागे मीच पुरला."

"मग रात्री..."

"रात्री मीही ऐकलं," रखवालदार म्हणाला. "म्हणूनच इकडे फिरकलो नाही."

संध्याकाळी सभा झाली. चित्रासमोर लोक डोळे पुसत होते. बापाचा हात लेकाच्या डोक्यावर. एक जण तर बोलून गेला, "मुलगा असावा तर असा." मी तिथेच होतो. पेंटर माझ्या शेजारी उभा होता. त्याने फक्त बोटं पँटला पुसली. पुसतच राहिला.

त्यानंतर त्याने माणूस काढला नाही, जनावरही नाही. पाट्यांवरची अक्षरं तेवढी.

"आणि ते चित्र?" धाकट्याचा आवाज बारीक झाला होता.

"पुढच्या वर्षी मुलगा घर विकायला आला, तेव्हा माझ्याकडे घेऊन आला. म्हणाला, भिंतीला ओल आहे, चित्रातल्या हातावर डाग पडतो. दोनदा भिंत बदलली तरी तेच. काच बसवून द्या. मी चित्र ठेवून घेतलं. तो गेला तो गेलाच."

"मग काच?" मी विचारलं.

"नाही बसवली."

"का?"

काकांनी सरसाच्या भांड्यावरचं झाकण उगाच पुन्हा दाबलं. "येणाऱ्याला अडवायचं कशाला?"

बहीण उठली. मी तिला थांबवायला हवं होतं. तिने फडकं उचललं. मेणबत्तीच्या उजेडात आधी खुर्ची दिसली, मग म्हातारा, मग शेजारी खाली बसलेला, चांगल्या कपड्यांतला एक माणूस. त्याचे केस कोरडे, चेहरा कोरडा. त्याच्या डोक्यावरचा हात मात्र चमकत होता.

"रंग ओला आहे," मी म्हणालो.

"इतकी वर्षं?" काका उठले. त्यांनी तेच फडकं घेतलं आणि तो हात पुसला. रोजचं काम उरकावं तसा, बोटांच्या मधून, मनगटापर्यंत. मग फडकं माझ्या हातात दिलं आणि आमची चौकट वाळली का ते बघायला वळले.

मी फडकं मेणबत्तीजवळ नेलं. त्यावर रंगाचा ठिपकाही नव्हता.

फडकं ओलं होतं. आणि कोमट.