दोन्ही बाजूंनी काळी झालर

"आल्त्ये, त्या चित्रकाराला माझ्या घरात माणसं नको असतात गं, धूर हवा असतो," ट्राइन आजी म्हणाली होती. आल्त्ये हसली होती. "अहो आजी, चित्रकार तसेच असतात."

शनिवारी संध्याकाळी आजी खिडकीपाशी खुर्चीतच मेलेली सापडली. ॲप्रनवर ओकारी. शेजारी ताकातल्या पेजेचं भांडं.

गावचा शिपाई वाउटर आजीच्या सुनेचा, हिल्लेचा दंड धरून उभा होता. तिच्या कडेवर अंगावर पिणारं पोर.

"पेज हिनंच केली. विष घातलं असणार. उद्या शहरात, तुरुंगात."

"आणि बाळ?" आल्त्येनं विचारलं.

"अनाथाश्रम आहे की."

आल्त्येच्याही घरी पाळण्यात एवढंच होतं.

"हिल्ले, पेज कुणी कुणी खाल्ली?"

"मीसुद्धा खाल्ली, मास्तरीणबाई. मग बाळाला घेऊन लोकर द्यायला गेले. आले तर हे असं."

"मधे कोण आलं?"

"ओस्टिंगसाहेब. आजींना रोज बसवतात चित्रासाठी."

आल्त्येनं चुलीकडे पाहिलं. धुराड्याच्या तोंडाशी धूर अडवणारी कापडी झालर लटकत होती. तिनं ती चाचपली. ओलसर, चुरगळलेली. मागून काळी. पुढूनही काळी.

"ही कधी धुतलीस?"

"आज सकाळी. शनिवारी कोण धूत नाही?"

खानावळीत ओस्टिंग हेरिंग मासे चापत होता. आल्त्येमागोमाग वाउटरही हिल्लेला धरून आत आला.

"मी निघालो तेव्हा म्हातारी ठणठणीत होती."

आल्त्येनं भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं ओलं चित्र वळवलं. आजी, खिडकी, निळसर धूर. धुराड्याला झालर नाही.

"आज ईशान्येचा वारा मेंढ्यांनासुद्धा उभं राहू देत नाहीये. अशा वाऱ्यात धुराडं सगळा धूर ओढून घेतं. मग खोलीत एवढा साचला कसा? तुम्ही ओली झालर काढून धुराड्यात कोंबलीत, दार लावलंत. चुलीतल्या पीटच्या, दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या वड्या धुमसत राहिल्या. त्या धुरानं डोकं दुखतं, ओकारी होते, मग माणूस निजतं ते निजतंच. परत गेलात, तिला पाहिलंत, झालर उपसून पुन्हा टांगलीत. शनिवारी काळी झालर टांगणारी बाई या गावात नाही, साहेब."

ओस्टिंगनं बोटं चाटली.

"धूर जरा मुरायला हवा होता. म्हणून कॉफी प्यायला आलो. तिला दार उघडता आलं असतं."

"हलू नकोस म्हणून कुणी सांगितलं होतं?"

त्यानं चित्राकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "पण तो राखाडी रंग बघा ना, बाई!"

वाउटरनं हिल्लेचा दंड सोडला आणि त्याची कॉलर धरली.

मागे आणखी एक चित्र होतं. तसाच धूर, झालर गायब, आणि पाळणा. रंग अजून बोटाला लागत होता.

"हे घर कुणाचं?"

"शेजारच्या ब्लारिकम गावाकडे कुठंतरी. नावं कोण लक्षात ठेवतं?"

"धुराडं मोकळं केलंत?"

"केलं असेल."

आल्त्ये तिकडची एकेक झोपडी पालथी घालते आहे. झोपड्या फार आहेत. तुम्ही त्या बाजूचे असाल, तर डावीकडे खिडकी, उजवीकडे पाळणा, त्यावर निळ्या चौकटींची दुलई असं चित्रातलं घर शोधा. दार लावलेलं असेल तर ढकला. बाळाच्या नाकाशी हात धरून बघा.